एक छिद्र की चार? पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीचा पेच

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३८, वजन ७६ किलो, उंची पाच फूट एक इंच. दोन मुलं, धाकटीच्या वेळी सीझर. गेल्या वर्षभरात उजव्या बरगडीखाली तीनदा जोराची कळ आली. पहिल्या दोन वेळी ॲसिडिटी समजून गोळ्या घेतल्या. तीन आठवड्यांपूर्वी कळीबरोबर तापही आला, चार दिवस ॲडमिट होते, सलाईनमधून अँटिबायोटिक दिली. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, सगळ्यात मोठा १४ मिलिमीटर, पिशवीची भिंत ५ मिलिमीटर जाड, पित्तनलिका नॉर्मल असं आलंय. शुगर बॉर्डरला आहे. साताऱ्याचे सर्जन म्हणतात, सूज उतरली की चार छिद्रांतून दुर्बिणीनं पिशवी काढू. माझ्या मावसबहिणीचं (वय २७) पुण्यात एकाच छिद्रातून झालं, तिच्या बेंबीत व्रण शोधूनही सापडत नाही. तिथं चौकशी केली तर चाळीस हजार जास्त सांगितले, पण ‘लेटेस्ट टेक्निक आहे, टाके दिसणार नाहीत, दुखणारही नाही’ असं म्हणाले. सासूबाई म्हणतात ऑपरेशनच नको, खडे विरघळवणारं औषध गावात मिळतं. नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का? आणि पोटावर चार डाग नकोत असं या वयात वाटणं चूक आहे का?

उत्तर:

ताई, आधी थेट उत्तर देते. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला चार छिद्रांचंच ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं असतं, आणि साताऱ्यातच. तुमच्या मावसबहिणीनं घेतलेला निर्णय चुकीचा होता असा याचा अर्थ नाही. तिचं पोट वेगळं, तिची पिशवी वेगळी.

डागांचं आधी बोलू, कारण तुम्ही ते शेवटी आणि जरा बिचकत विचारलंय. अजिबात चूक नाही. शरीर तुमचं आहे, अडतिसाव्या वर्षी पोटावर डाग नकोत असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. सीझरचा एक व्रण आधीच आहे, त्यात आणखी भर नको वाटणं मी समजू शकते. हा मुद्दा सर्जनसमोर मोकळेपणानं मांडा. माझं म्हणणं एवढंच की निर्णय घेताना तो पहिला न धरता तिसरा-चौथा धरा. त्याच्या आधी काय येतं, ते सांगते.

दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीचीच आहेत. दोन्हींत पूर्ण भूल द्यावी लागते, दोन्हींत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून आत जागा करतात, दोन्हींत तीच पिशवी त्याच जागेवरून सोडवून काढतात. फरक आहे तो वाटेचा. नेहमीच्या पद्धतीत बेंबीजवळ साधारण १० मिलिमीटरचं एक छिद्र असतं, त्यातून कॅमेरा जातो. दुसरं छातीच्या हाडाखाली, तेही ५ ते १० मिलिमीटरचं. उजव्या बाजूला ५-५ मिलिमीटरची आणखी दोन. एका छिद्राच्या पद्धतीत बेंबीतच साधारण २ ते २.५ सेंटिमीटरची चीर घेतात, तिच्यात एक खास पोर्ट बसवतात आणि कॅमेरा व सगळी हत्यारं तिथूनच आत जातात. म्हणजे ‘एक छिद्र’ ऐकायला लहान वाटतं, पण ते एक छिद्र चारांपैकी कुठल्याही एकाच्या निदान दुप्पट मोठं असतं. हे रुग्णांना फारसं कुणी सांगत नाही.

आता सर्जनच्या बाजूनं बघा. चार छिद्रांत कॅमेरा मध्ये आणि दोन हात दोन बाजूंनी येतात, त्यामुळे डाव्या हातानं पिशवी ताणून धरायची आणि उजव्या हातानं सोडवायची, हे नीट जमतं. एका छिद्रात कॅमेरा आणि दोन्ही हत्यारं शेजारी शेजारी, जवळजवळ समांतर चालतात. अरुंद तोंडाच्या बरणीत दोन्ही हात घालून तळाशी काही निवडायचं म्हटलं तर कोपर कोपराला लागतं, तसं होतं. वाकडी हत्यारं वापरून, हातांची अदलाबदल करून, पोटाच्या भिंतीतून एखादा दोरा घेऊन पिशवी वर टांगून यावर मार्ग काढतात, आणि हात बसलेले सर्जन ते छान करतात. पण वेळ जास्त लागतो आणि अवघड पिशवीत ती ओढाताण जाणवते.

अवघड म्हणजे कुठं, तेही सांगते, कारण सगळा प्रश्न तिथंच आहे. पित्ताशय एका बारीक नळीनं मुख्य पित्तनलिकेला जोडलेलं असतं. ही बारीक नळी आणि पिशवीची रक्तवाहिनी, एवढ्या दोनच गोष्टी क्लिप लावून कापायच्या असतात. त्यांच्या अगदी शेजारून मुख्य पित्तनलिका जाते, जी यकृतातलं सगळं पित्त आतड्यात नेते. सूज असली की हे सगळं एकमेकांना चिकटतं, आणि मुख्य नळी बारीक नळीसारखी दिसू शकते. चुकून ती कापली गेली तर पुढं मोठी दुरुस्ती, महिनोन्‌महिने त्रास, कधी जीवाला धोका. अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये यासाठी एक कसोटी घालून दिली, ती आज जगभर वापरतात. बारीक नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधला त्रिकोणी भाग चरबी आणि चिकट पडद्यांतून पूर्ण मोकळा करायचा, पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा करायचा, आणि पिशवीत दोन आणि फक्त दोनच गोष्टी शिरताहेत हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय कात्री चालवायची नाही. हे दृश्य मिळालं तर ऑपरेशन सुरक्षित, मग छिद्रं कितीही असोत. आणि तीन आठवड्यांपूर्वी सुजलेल्या, ५ मिलिमीटर भिंतीच्या पिशवीत (३ मिलिमीटरपर्यंत आपण ठीक धरतो) ते दृश्य मिळवायला सर्जनला दोन्ही हात मोकळे लागतात.

दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनात पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात तीन ते पाच असं धरलं जातं. एका छिद्राच्या ऑपरेशनांचा आढावा घेणारा एक लेख २०१२ मध्ये आला होता. त्यात २६२६ रुग्ण होते आणि १९ जणांना अशी इजा झाली, म्हणजे हजारी सातच्या वर. आकडा लहानच आहे, आणि ती पद्धत तेव्हा बऱ्याच ठिकाणी शिकण्याच्या टप्प्यावर होती, हेही खरं. पण त्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांची पिशवी तेव्हा सुजलेली नव्हती. म्हणजे सोप्या पिशव्या निवडूनही आकडा वर होता. तुमची पिशवी सोप्यांत मोडत नाही, म्हणून मला हा आकडा तुमच्यापुढं ठेवावासा वाटतो.

दुसरी गोष्ट हर्नियाची. पोटाच्या भिंतीत एक चिवट पांढरा पडदा असतो, पोटाला बांधून धरणारा. १० मिलिमीटरचं छिद्र त्यात एका टाक्यानं बंद होतं. दोन-अडीच सेंटिमीटरची चीर नीट शिवली तरी ती जागा कमजोर राहण्याची शक्यता जास्त, आणि बेंबी ही मुळातच पोटाची कच्ची जागा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनांनी प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत दोनशे रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन पद्धतींत वाटलं होतं. वर्षभरानंतर एका छिद्राच्या गटात ८.४ टक्के लोकांना तिथं हर्निया झालेला आढळला, चार छिद्रांच्या गटात १.२ टक्के. व्रणाच्या दिसण्याबाबत मात्र एका छिद्रवाले लोक जास्त समाधानी होते, आणि हे इतर अभ्यासांतही पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणजे तुमच्या बहिणीचा आनंद खरा आहे. पण ताई, तुमचा बीएमआय ३१ च्या पुढं आहे, शुगर काठावर आहे, दोन बाळंतपणांनी पोट सैल झालेलं आहे. हर्नियाला पोषक अशा तीन गोष्टी तुमच्यापाशी आधीच आहेत. आणि बेंबीचा हर्निया झाला तर पुन्हा भूल, पुन्हा टाके, बहुतेक वेळा जाळी. जो डाग टाळायचा होता त्याहून मोठा डाग.

‘दुखणारच नाही’ हे मला पटत नाही. वेदनेबाबत दोन पद्धतींची तुलना करणारे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. कुठं एका छिद्रात थोडं कमी दुखलं, कुठं थोडं जास्त. फरक निघाला तरी लहान. दोन्हींत पहिले एक-दोन दिवस उजवा खांदा दुखतो, कारण पोटात राहिलेला गॅस श्वासाच्या पडद्याला डिवचतो. दोन्हींत त्याच संध्याकाळी उठून चालता येतं आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं.

‘लेटेस्ट’ म्हणाल, तर बेंबीतून एकाच जखमेतून पित्ताशय काढल्याचं वर्णन इटलीतल्या ज्युसेप्पे नवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केलं होतं. २००८-०९ च्या सुमाराला कंपन्यांचे खास पोर्ट बाजारात आले तेव्हा या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. पण चार छिद्रांची जागा ती घेऊ शकलेली नाही. उलट, दुर्बिणीची मूळ पद्धत आली तेव्हा काही वर्षांत सगळं चित्र पालटलं होतं. एरिक मुहे यांनी जर्मनीत १९८५ मध्ये पहिली पिशवी दुर्बिणीनं काढली, आणि १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईत जे.जे. रुग्णालयात भारतातलं पहिलं असं ऑपरेशन केलं. त्याआधी उजव्या बरगडीखाली वीतभर चीर पडायची आणि माणूस आठवडाभर तरी दवाखान्यात असायचा. सासूबाईंच्या मनात जी भीती आहे ती त्या ऑपरेशनची असणार. त्यांना साताऱ्याच्या डॉक्टरांकडे एकदा बरोबर घेऊन जा. छिद्रं केवढी असतात ते स्वतः बघितलं की त्यांचा विरोध मावळेल असं मला वाटतं.

मावसबहिणीबद्दल माझा अंदाज असा की ती सडपातळ असेल, पिशवीला सूज नसेल, आणि ऑपरेशन ठरवून, शांतपणे झालं असेल. अशा रुग्णाला, रोज हे ऑपरेशन करणारा हात मिळाला तर एक छिद्र हा रास्त पर्याय आहे. मीही तिला नाही म्हटलं नसतं.

डाग कमी करण्याच्या इतरही वाटा आहेत. काही सर्जन तीन छिद्रांत काम करतात. काहींकडे ३ मिलिमीटरची बारीक हत्यारं असतात, त्यांच्या जागा वर्षभरात शोधाव्या लागतात. बेंबीचं छिद्र बेंबीच्या घडीतच घेता येतं. त्वचेला आतून, विरघळणाऱ्या दोऱ्यानं टाके घालता येतात. हे सगळं विचारून बघा. तुमचा सीझरचा व्रण लाल, फुगीर, खाजरा राहिला असेल तर तेही आवर्जून सांगा. तसं असेल तर तुमच्या त्वचेत कीलॉइडची प्रवृत्ती असू शकते आणि प्रत्येक छिद्राची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. साध्या त्वचेवर मात्र ५ मिलिमीटरचा डाग सहा महिन्यांत कांजिण्यांच्या खुणेपेक्षा फिका होतो.

सर्जनला दोन-तीन गोष्टी जरूर विचारा, साताऱ्याच्या आणि हवं तर पुण्याच्याही. पित्तनलिका नीट ओळखता आली नाही तर तुम्ही काय करता? चांगला सर्जन न रागावता सांगेल: आणखी एक छिद्र घेतो, किंवा पिशवीचा खालचा भाग ठेवून वरचा काढतो, किंवा पोट उघडतो. ‘माझ्या हातून तशी वेळ येतच नाही’ असं उत्तर आलं तर मी तिथून उठेन. सुजलेल्या पिशवीची ऑपरेशनं किती करता, हे विचारा. एका छिद्राचं ठरलंच, तर मध्येच जादा छिद्र घ्यायची परवानगी संमतीपत्रावर आधीच द्या आणि मनातही द्या. जादा छिद्र म्हणजे ऑपरेशन फसलं असं मुळीच नाही. आणि ते चाळीस हजार तुमच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीत किंवा मेडिक्लेममध्ये बसतात का, ते ॲडमिट होण्याआधी लेखी विचारून घ्या. तुमच्या बाबतीत मला तरी त्या पैशांचा उपयोग दिसत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि ती मला खटकतेय. लिव्हरची रक्ततपासणी, एलएफटी, झाली आहे का? सोनोग्राफीत नलिका नॉर्मल दिसली तरी तिच्या खालच्या टोकाला अडकलेला बारीक खडा सोनोग्राफीला पुष्कळदा दिसत नाही. बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर ऑपरेशनआधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून नलिका तपासावी लागते, आणि खडा निघाला तर बहुतेक वेळा तो आधी एंडोस्कोपीनं काढतात. छिद्रांचा विचार करण्याआधी हा रिपोर्ट हातात हवा. याच आठवड्यात करून घ्या, सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर, तीही.

आता सासूबाईंच्या औषधाचं. गावात जे ‘खड्याचं औषध’ मिळतं ते बहुधा मुतखड्याचं असतं. मुतखडा लघवीच्या वाटेनं वाहून जाऊ शकतो, म्हणून त्या औषधाला यश आल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. पित्ताशयातल्या खड्याला तशी वाट नाही. तो निघालाच तर त्या बारीक नळीत किंवा मुख्य नलिकेत जाऊन अडकतो, आणि मग कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पडतात’ तेही खडे नसतात, तेलाचा पोटात झालेला साबण असतो. आधुनिक औषधांतही खडा विरघळवणारी एक गोळी आहे. ती फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्‌महिने घेऊन काही अंशी चालते आणि बंद केली की पुष्कळांना खडे पुन्हा होतात. १४ मिलिमीटरला तिचा उपयोग नाही.

नुसते खडे काढून पिशवी ठेवण्याचा मार्ग फार जुना आहे आणि तो सोडून द्यावा लागला, कारण ज्या पिशवीत खडे झाले तिच्यात ते परत होतात. म्हणूनच कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली अख्खी पिशवीच काढली. पिशवी नसताना पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं, पचन चालू राहतं. काहींना पहिले काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होतं, ते बहुतेकांचं आपोआप थांबतं. ज्यांना खडे आहेत पण कधीच त्रास नाही, अशा बहुसंख्य लोकांना ऑपरेशन लागत नाही, हेही सांगून ठेवते, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाच्या सोनोग्राफीत खडा दिसला तर घाबरून जाऊ नका. तुम्हाला तीनदा कळ आणि एकदा ताप येऊन गेलाय. तुमचं टाळण्यासारखं नाही.

तुम्हाला ॲडमिट होऊन तीन आठवडे झालेत, आणि सर्जन म्हणतात तशी सूज उतरायची वाट बघायची तर आणखी साधारण तीन आठवडे जातील. तोवर तळण, साय, तुपाची धार बंद. पण उपास करू नका आणि वजन झपाट्यानं उतरवायला जाऊ नका, त्यानं खड्यांचा त्रास वाढतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला, किंवा कळ पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, तर तारखेची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. शाळेच्या परीक्षा, घरातलं कार्य, काहीही असलं तरी.

ऑपरेशननंतर हलकं काम करत शाळेत आठवडा-दहा दिवसांत जाता येईल. पाण्याची घागर, गॅसचं सिलिंडर, लेकीला कडेवर घेणं हे महिना-दीड महिना नको. दोन आठवडे तरी परकराची नाडी बेंबीवर येऊ देऊ नका. नाडीचा घट्ट काच आणि घाम यांनी बेंबीचा टाका चिघळलेला मी पुष्कळ बायकांमध्ये बघितलाय. गाऊन किंवा सैल पंजाबी ड्रेस घाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बेंबी ओल्या कापसानं हलक्या हातानं स्वच्छ करा, साठलेला मळ तिथंच जंतू धरतो.

आणि काढलेली पिशवी बायप्सीला पाठवायला सांगा. रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांत येतो. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या, डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि एलएफटीच्या रिपोर्टसोबत फाइलला लावून ठेवा. एलएफटी आलं की मला आकडे कळवा, त्यात काही वर-खाली असेल तर पुढचं लगेच सांगते.